न्हाणीघरातले लॅमिनेट : झाकावे की काढावे?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे घर १९७२ साली बांधलेले, लाकडी सांगाड्याचे आणि खाली तळघर असलेले आहे. तळमजल्यावरच्या पाच फूट बाय आठ फुटांच्या बाथरूममध्ये आधीच्या मालकाने बाहेरच्या खोलीसारखेच लाकडी दिसणारे लॅमिनेट घातले होते. टबाच्या कडेला त्याचे सांधे आता फुगले आहेत. दोन महिन्यांनी सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येत असून ही बाथरूम त्यांच्याच वापरात राहील. सासूबाईंना बादली-तांब्याची सवय असल्यामुळे जमीन ओली होणार हे गृहीतच धरले आहे, म्हणून तिथे टाइल बसवायच्या आहेत. लॅमिनेट तसेच ठेवून त्यावर भारी अ‍ॅडहेसिव्हने टाइल चिकटवाव्यात, असे यजमानांचे म्हणणे आहे, कारण पुण्यात दिरांनी जुन्या फरशीवरच नवी फरशी घालून दोन दिवसांत काम उरकले आणि घमेलेभरही राडारोडा निघाला नाही. दोन कारागिरांपैकी एक ‘वरून घालू’ म्हणतो. दुसरा लॅमिनेट काढल्याशिवाय कामाला हात लावायला तयार नाही आणि काढण्याचे सहाशे डॉलर वेगळे मागतो. ‘दुसरा आम्हाला फसवतो आहे का? आणि काढायचेच झाले तर ते घरच्या घरी जमेल का?’ असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर देतो, म्हणजे कारणे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. लॅमिनेटवर टाइल बसवू नका. दुसरा कारागीर तुम्हाला फसवत नाही. त्याच्या सहाशे डॉलरांवर घासाघीस जरूर करा, किंवा ते वाचवण्याचा मार्ग मी पुढे सांगतो तो पाहा. पण त्याचा आग्रह रास्त आहे.

यजमानांच्या सूचनेमागे दिरांचा अनुभव आहे आणि तो अनुभव खोटा नाही. म्हणूनच तो न्यू जर्सीला का लागू पडत नाही हे नीट समजून घ्यायला हवे, नाहीतर घरात ‘तिकडे झाले, मग इकडे का नाही’ हा वाद संपणार नाही. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या तळाशी काँक्रीटचा स्लॅब असतो, त्यावर कोबा असतो, कोब्यावर सिमेंटच्या मालात बसवलेली फरशी असते. हे सगळे थर एकमेकांना धरून असतात. गवंडी जुन्या फरशीवर ठोकून पाहतो आणि कुठे बद्द, पोकळ आवाज आला नाही तर ती फरशी म्हणजे जवळजवळ दगडच झाला, असे धरून तिच्यावर नवी चिकटवतो. अशा कामासाठी लागणाऱ्या अ‍ॅडहेसिव्हचे भारतीय मानकही आहे, आयएस १५४७७. तरीसुद्धा तिथले जाणते गवंडी आधी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचे छत बघून येतात, कारण तिथे ओल असेल तर नवी फरशी ती गळती फक्त झाकते, बंद करत नाही. दिरांकडे काम टिकले असेल तर त्याचे निम्म्याहून अधिक श्रेय जुन्या फरशीच्या पक्केपणाला आहे, नव्या अ‍ॅडहेसिव्हला नाही.

तुमच्याकडे नेमका हा पक्केपणाच नाही. लॅमिनेट म्हणजे लाकडाचा बारीक भुगा राळेत दाबून केलेली फळी, तिच्यावर लाकडाचे छापील चित्र आणि त्यावर टणक पारदर्शक थर. १९७७ साली स्वीडनमधल्या पेर्स्टॉर्प कंपनीने हा प्रकार काढला. ज्या कडक पत्र्यासारख्या थराने स्वयंपाकघरातले ओटे मढवत, त्याच धर्तीची ही जमीन आहे. तिच्या फळ्या खालच्या जमिनीला चिकटवलेल्या किंवा ठोकलेल्या नसतात. त्या एकमेकींत अडकवून पातळ फोमवर नुसत्या पसरलेल्या असतात आणि भिंतीलगत साधारण सहा ते दहा मिलिमीटरांची फट मुद्दाम सोडून ती पट्टीखाली लपवलेली असते. न्यू जर्सीचा दमट उन्हाळा आला की फळ्या फुगतात, हिवाळ्यात हीटर सुरू झाले की आकसतात, आणि या हालचालीसाठीच ती फट असते. शतरंजीवर टेबल ठेवता येते, पण शतरंजीवर भिंत बांधत नाहीत. टाइल आणि तिच्या सांध्यातला ग्राउट हे स्वभावाने भिंतीच्या जातीचे आहेत. अ‍ॅडहेसिव्ह कितीही भारी घेतला तरी तो टाइलला फळीशी धरेल. फळीला जमिनीशी कोण धरणार? शिवाय लॅमिनेटच्या वरच्या गुळगुळीत थराला सिमेंटचा माल मुळात नीट धरतच नाही. आणि तुमच्या पत्रातच तिसरे कारण आले आहे. टबाशेजारचे सांधे फुगले आहेत. दाबलेला भुगा एकदा पाणी पिऊन फुगला की वाळल्यावरही पूर्वीसारखा होत नाही. म्हणजे जो थर आजच निकामी झाला आहे, त्याला तुम्ही पाया करणार.

पहिला कारागीर बहुधा म्हणेल की मी टाइल थेट चिकटवणार नाही, आधी लॅमिनेटवर सिमेंट बोर्ड स्क्रूने आवळून घेईन. ऐकायला हे पटते. पण स्क्रू मारल्याने तरंगती जमीन जागोजाग जखडली जाते, तिचे फुगणे-आकसणे मात्र थांबत नाही. खालचा फोम पाय पडेल तिथे दबत राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत ग्राउटला केसासारखे तडे जाऊ लागतात. सिमेंट बोर्ड जमिनीला ताकद देत नाही, तो फक्त टाइलला धरण्याजोगा पृष्ठभाग देतो, हे अनेक कारागीरही विसरतात. ‘दोन वर्षांत तडे गेले तर काढून पुन्हा करून देईन’ असे तो लेखी द्यायला तयार आहे का, एवढे विचारून पाहा.

आता एक शंका, जी पत्र वाचतानाच मनात आली. ते लॅमिनेटच आहे याची खात्री केली आहे का? लाकडासारखे दिसणाऱ्या प्रत्येक जमिनीला आपण लॅमिनेट म्हणतो. जमिनीत हीटरच्या हवेची जाळी असेल तर ती उचला, नसेल तर दाराजवळची पट्टी काढा आणि फळीची कापलेली कड पाहा. आत तपकिरी, पुठ्ठ्यासारखा गाभा दिसला तर लॅमिनेट. प्लास्टिक किंवा करडा, दगडी रंगाचा कडक गाभा दिसला तर ते व्हिनाइल. व्हिनाइलच्या फळ्याही एकमेकींत अडकवून पसरलेल्या असतील तर उत्तर बदलत नाही, त्याही काढायच्या. मात्र एखाद्या वाचकाकडे जुन्या व्हिनाइलचा एकच थर सगळीकडून घट्ट चिकटवलेला असेल, तर योग्य प्रायमर आणि अ‍ॅडहेसिव्ह वापरून त्यावर टाइल बसवता येतात. काढण्याचा सल्ला तिथे सरसकट लागू नाही.

तुमच्या घरात याहून महत्त्वाची गोष्ट लॅमिनेटच्या खाली असण्याची शक्यता आहे. घर १९७२ चे आहे आणि लॅमिनेट अमेरिकेत पोचले ते १९९० च्या दशकात. म्हणजे मूळची जमीन दुसरी काहीतरी होती आणि ती बहुधा अजून तिथेच आहे. त्या काळातल्या व्हिनाइलच्या लाद्यांमध्ये, विशेषतः नऊ इंची चौरस लाद्यांमध्ये, आणि त्या चिकटवायच्या काळ्या डांबरी गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याचे बारीक तंतू श्वासातून आत गेले तर फुप्फुसांना घातक ठरतात. तुमच्याच राज्यातल्या मॅनव्हिल गावाचे नाव अ‍ॅस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या कंपनीवरून पडले आहे, इतका तो एके काळी सर्रास वापरात होता. लॅमिनेट उचलल्यावर अशा लाद्या किंवा काळा गोंद दिसला तर तिथेच थांबा. खरवडू नका, घासू नका, झाडू मारू नका. नमुना कसा घ्यायचा हे प्रयोगशाळेला विचारून तो तपासून घ्या, नाहीतर परवानाधारक तपासनीस बोलवा. अहवाल वाईट आला तर मात्र झाकण्याचा मार्गच बरा ठरू शकतो, कारण न उकरलेला, न तुटलेला अ‍ॅस्बेस्टॉस हवेत उडत नाही. पण त्यावर काय आणि कसे घालायचे हे त्या तपासनिसाच्या सल्ल्याने ठरवा, माझ्या किंवा दिरांच्या नव्हे.

तळघर आहे ही तुमची जमेची बाजू आहे आणि पत्रात तिचा उपयोग कोणी केलेला दिसत नाही. या शनिवारी टॉर्च घेऊन खाली जा आणि बाथरूमच्या बरोबर खाली उभे राहून वर पाहा. छत झाकलेले नसेल तर आडवे वासे आणि त्यांवरचे प्लायवूड दिसेल. कमोडच्या नळाभोवती आणि टबाखाली काळे डाग आहेत का, स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबले तर लाकडात शिरते का, हे बघा. शिरत असेल तर तिथले लाकूड कुजले आहे आणि टाइलचा विषय त्यानंतरचा. मग वाशांची जाडी-उंची, दोन वाशांमधले अंतर (अमेरिकेत ते बहुधा सोळा इंच असते) आणि एका आधारापासून दुसऱ्या आधारापर्यंतची त्यांची लांबी मोजून लिहून घ्या. सिरॅमिक टाइलसाठी नियम असा आहे की भार पडल्यावर वाशाचे खाली लवणे त्याच्या आधारांमधल्या अंतराच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त नसावे. बारा फुटांचा वासा असेल तर ०.४ इंच, म्हणजे साधारण दहा मिलिमीटर. संगमरवर किंवा इतर नैसर्गिक दगड घालायचा असेल तर ७२० वा भाग, म्हणजे त्याच्या निम्मीच मुभा. लाकूड लवले तरी मोडत नाही, टाइल मात्र लवत नाही. माप कमी पडले तर घाबरू नका. खालून वासे मोकळे असल्यामुळे त्यांना जोड-वासा देणे किंवा मध्ये आधार उभा करणे हे वरची जमीन न उकरता होणारे काम आहे. ती आकडेमोड स्वतः करू नका, मापे दुसऱ्या कारागिराला द्या. तो ती मागेलच. मागितली नाहीत तर त्याच्याविषयीचे माझे मत मी बदलेन.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रातले सर्वांत मोठे गृहीतक इथे आहे. आपल्याकडे न्हाणीघराच्या जमिनीला ढाळ असतो, कोपऱ्यात जाळी असते, आणि सांडलेले पाणी आपोआप तिकडे जाते. त्यामुळे ‘फरशी आहे म्हणजे पाण्याची काळजी नाही’ हे समीकरण आपल्या अंगात भिनले आहे. अमेरिकन घरातल्या बाथरूममध्ये टबाबाहेरच्या जमिनीला सहसा ढाळही नसतो आणि जाळीही नसते. ती जमीन कोरडी राहील असे धरूनच ते घर बांधलेले असते. तिथे टाइल घातली तरी बादलीतून सांडलेले पाणी जाणार कुठे? सिमेंटचा ग्राउट पाणी शोषतो, सिमेंट बोर्ड पाण्याने खराब होत नसला तरी पाणी अडवत नाही, आणि त्याखाली लाकूड आहे. टाइल वरून लखलखीत राहील आणि खालचे प्लायवूड गुपचूप कुजेल. लॅमिनेट निदान फुगून सांगते तरी. म्हणून तुमच्या घरी टाइलखाली जलरोधक थर हवाच, मग तो ब्रशने लावायचा असो किंवा पत्र्यासारखा अंथरायचा. तो भिंतीवर दोन-तीन इंच चढवून घ्यावा आणि टब, कमोड व भिंतीलगतचे सांधे ग्राउटने न भरता सिलिकोनने भरावेत. आणि एवढे करूनही सासूबाईंची बादली टबाच्या आतच ठेवण्याची सोय करा. त्यांना हे सांगणे अवघड वाटत असेल तर जमिनीखालच्या लाकडाची गोष्ट सांगा. माळवदाच्या किंवा कौलारू घरात राहिलेल्या माणसाला लाकूड आणि पाणी यांचे वैर समजावून द्यावे लागत नाही.

टाइल निवडताना चकचकीत, मोठ्या आकाराची घेण्याचा मोह टाळा. ओल्या पायांसाठी घसरण-रोधाचा अमेरिकन निकष ०.४२ हा आहे. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात हा आकडा पाहून त्याहून जास्त असलेलीच घ्या. दोन-दोन इंचांच्या चौकटी जाळीवर चिकटवून मिळतात, त्यांत सांधे जास्त असल्यामुळे पाय अधिक धरतो. हिवाळ्यात टाइल पायाला बर्फासारखी लागते, हेही आत्ताच ध्यानात घ्या. टाइलखाली विजेची उबदार जाळी घालायची असेल तर ती याच वेळी घालावी लागते, नंतर नाही, आणि तिची जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.

उंचीचा हिशेब यजमानांना पटावा म्हणून आकड्यांत मांडतो. फोमसकट लॅमिनेट सुमारे १० मिलिमीटर धरा. टाइल, तिचा माल आणि खालचा पातळ थर मिळून १७. लॅमिनेटवर काम केले तर बाहेरच्या खोलीपेक्षा बाथरूम १७ मिलिमीटर उंच होईल. काढून केले तर फक्त ७. अमेरिकेत सार्वजनिक जागांसाठी अपंगांच्या सोयीचे जे नियम आहेत, त्यांत पाव इंचापर्यंतची, म्हणजे सहा मिलिमीटरांची उभी कड चालते, अर्ध्या इंचापर्यंत उताराची पट्टी लावून चालते, आणि त्यापुढे रॅम्प सांगितला आहे. घराला तो नियम लागू नाही, पण रात्री दिवा न लावता उठणाऱ्या सत्तरीतल्या माणसासाठी तेच माप योग्य आहे. सतरा मिलिमीटर म्हणजे नेमकी ठेच लागण्याजोगी कड. शिवाय कमोडखालचा फ्लँज, म्हणजे सांडपाण्याच्या नळाच्या तोंडावरचे, कमोड ज्याला आवळतात ते कडे, नव्या जमिनीच्या वर बसावा लागतो. जमीन जितकी चढेल तितका तो खाली राहील आणि त्यावरचे मेणाचे कडे नीट दाबले जाणार नाही. कमोडमधली गळती पुष्कळदा इथूनच सुरू होते.

घरी जमेल का, या प्रश्नाचे उत्तर असे की काढणे जमेल, बसवणे मी घरी करणार नाही. तरंगते लॅमिनेट काढणे हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत सोपे काम आहे. कमोडमागचा नळ बंद करून फ्लश करा, उरलेले पाणी स्पंजने टिपा, तळाचे दोन बोल्ट सोडवून दोघांनी मिळून कमोड उचला आणि जमिनीतल्या सांडपाण्याच्या उघड्या नळात लगेच जुने फडके कोंबा, नाहीतर गटाराचा वायू घरात येईल. भिंतीलगतच्या पट्ट्या पातळ पटाशीने हळूच सुट्या करा. मग भिंतीकडची पहिली फळी उचकटली की पुढच्या एकामागून एक सुटत जातात. चाळीस चौरस फुटांना शनिवारची सकाळ पुरते. फोम गुंडाळून काढा. त्याखाली आधी सांगितलेल्या जुन्या लाद्या किंवा काळा गोंद नसेल, तर प्लायवूडवर चालून कुठे दबते, कुठे करकरते ते खडूने खूण करून ठेवा. त्या काळच्या घरांत प्लायवूडवर कधी पार्टिकल बोर्डचा थर असतो. तो निघालाच पाहिजे, कारण तो लॅमिनेटचाच चुलतभाऊ आहे. बसवण्याच्या कामात मात्र पातळी साधणे, दातेरी थापीने माल ओढणे आणि ओल्या जागी टाइलच्या पाठीला निदान ९५ टक्के माल लागलेला असणे ही हातखंड्याची कामे आहेत, आणि यजमानांनी पहिला प्रयोग सासू-सासऱ्यांच्या बाथरूमवर करू नये असे मला वाटते. काढून दिलेल्या जागेचा भाव दुसऱ्या कारागिराकडे मागा. सहाशे डॉलर तिथे वाचतील.

दोन महिने पुरेसे आहेत, पण अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी निघाली किंवा वासे कमकुवत ठरले तर घाई होईल. तसे झाले तर टाइलचा हट्ट सोडून लॅमिनेटच्या जागी सलग व्हिनाइल घाला, असे मी सुचवेन. ते सहा आणि बारा फुटी पन्ह्यात मिळते, त्यामुळे तुमच्या पाच फुटी बाथरूममध्ये एकही सांधा येणार नाही. ते लवणाऱ्या जमिनीवर तडकत नाही, पायाला गार लागत नाही आणि त्याची उंची नगण्य असते. दिसायला ते साधे आहे, एवढाच त्याचा दोष. खरे सांगायचे तर बादली-तांब्यासाठी लाकडी घरात ते टाइलपेक्षा कमी योग्य आहे असे मला मुळीच वाटत नाही. मात्र तुम्हाला टाइलच हवी आहे आणि तळघरातून सगळे ठीक दिसले, तर त्या इच्छेला मी नाही म्हणणार नाही.

लॅमिनेट काढाल तेव्हा टबापासून दूरच्या, न फुगलेल्या आठ-दहा फळ्या पुसून तळघरात आडव्या, सपाट रचून ठेवा. बाहेरच्या खोलीतल्या फळ्या त्याच नमुन्याच्या असतील, तर तो नमुना आता दुकानात मिळण्याची शक्यता कमी आहे, आणि तिथली एखादी फळी कधी खराब झाली तर तुम्हाला त्या लागतील.